काळी कुत्री, खिशातला कॅमेरा आणि सोलापूरची थंडी: सकाळी कुठं जावं, फोटो कसे काढावेत?

कारळीची_ताई

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. आमच्याकडं कारळी नावाची गावठी कुत्री आहे. नखशिखांत काळी, फक्त छातीवर बोटभर पांढरा पट्टा. ती घरी आली तेव्हा आई कारळ्याची चटणी कुटत होती, तेच नाव पडलं.

कारळीला फिरवायचं काम आजवर बाबांचं. पहाटे उठून संभाजी तलावाकडं (बाबा अजून कंबर तलावच म्हणतात) त्यांची दोघांची फेरी ठरलेली. दिवाळीनंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळं हा हिवाळाभर लांब चालायचं नाही. आता कारळीला मी नेते. परत आलं की बाबा चहाचा कप हातात धरून विचारतात, आज कुठवर गेलात, वाटेत कोण भेटलं, तलावात पाणी किती आहे. माझं उत्तर दोन वाक्यांत संपतं आणि त्यांचं समाधान होत नाही. म्हणून त्यांचाच जुना कॅमेरा सोबत न्यायला लागले. दहा मेगापिक्सेलचा आहे, पाच पट झूम, स्वेटरच्या खिशात मावतो. मोबाईल मुद्दाम घरी ठेवते, कारण सहा वाजल्यापासून लॅबचे मेसेज सुरू होतात.

अडचणी अशा. अर्धे फोटो हललेले येतात. कारळीचा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग, डोळेसुद्धा दिसत नाहीत. कॅमेरा बाहेर काढला की ती तोंड फिरवते. एका हातात दोरी असल्यानं दुसऱ्या हातानं नीट नेम धरता येत नाही. आणि विजापूर रोडला सकाळीसुद्धा एवढी वाहनं असतात की तिला घेऊन चालायला जीव घाबरतो. कुत्र्याला घेऊन सकाळी कुठं जाता तुम्ही? आणि असल्या साध्या कॅमेऱ्यात काळ्या जनावराचे फोटो चांगले येऊ शकतात का? नवा कॅमेरा घ्यायचा विचार नाही, बाबांना त्यांच्याच कॅमेऱ्यातले फोटो बघायला आवडतात.

सात_रस्ता

ताई, लई विचार करू नका. रविवारी गाडी काढा आणि हिप्परग्याला जा. तुळजापूर रोडनं पंधरा-वीस मिनिटांत पोचाल. थंडीत बाहेरून आलेले पक्षी काठावर बसलेले असतात. कारळीला सोडा, ती पळत सुटली की सगळा थवा एकदम उठतो. पुढं काळी कुत्री, मागं पाण्यावरून उडणारे पक्षी. एक फोटो असा आला की बाबा खूश. सूर्य वर यायच्या आत पोचा, तळ्यावर कधी कधी धुकं पण मिळतं.

माळरान

वर सुचवलेला फोटो कृपया काढू नका. हात जोडून सांगतो.

हिप्परग्याच्या, म्हणजे एकरुख तलावाच्या काठावर हिवाळ्यात जे पट्टकादंब दिसतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस, ते उन्हाळ्यात तिबेट-मंगोलियाकडं पिल्लं वाढवतात आणि हिमालय ओलांडून इकडं येतात. रात्री रानात चरायचं आणि दिवसा पाण्याकाठी विसावा घ्यायचा, असा त्यांचा क्रम. सकाळी जे निवांत बसलेले दिसतात ते रात्रभर चरून आलेले असतात. एक कुत्रं अंगावर धावलं की सगळे उठतात, तळ्यावर घिरट्या घालतात, परत बसतात, तोवर दुसरं कोणीतरी येतं. मार्चमध्ये हाच पल्ला उलटा गाठायचा असतो आणि त्यासाठीची चरबी अंगावर याच दिवसांत चढते. आपल्या एका फोटोसाठी त्यातली का खर्ची घालायची? थापट्या आणि चक्रवाक बदकांचंही तेच.

नान्नजकडं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. तिकडं तर कुत्रं नेऊच नका, दोरीला बांधूनसुद्धा नाही. त्या माळावर लांडगे आहेत, खोकड आहेत. आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर (विषाणूचा जीवघेणा आजार) आणि रेबीज त्यांना लागतो, आणि त्यांना लस द्यायला कोणी जात नाही.

कारळी आणि पक्षी एकाच फोटोत हवेच असतील तर संध्याकाळ धरा. थंडीत आपल्याकडं भोरड्या हजारोंनी उतरतात, ज्वारीवर ताव मारतात आणि दिवस मावळताना बाभळींवर बसायच्या आधी आभाळात त्यांचे थवे गोळा होतात. थवा पसरतो, आवळतो, एकदम वळतो. शहराबाहेर कुठल्याही ज्वारीच्या रानाकडेला हे बघायला मिळतं. कारळीला बांधावर बसवा, तुम्ही तिच्या मागं खाली बसा, झूम अजिबात न करता आभाळ जास्त घ्या. छोट्या कॅमेऱ्याला हे छान जमतं. कुणालाही उठवावं लागत नाही.

जॉबर_अण्णा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी फिरताना डोक्यात तीच होती. सविस्तर लिहितो.

मी चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे काम. आता निवृत्त आहे, विडी घरकुलाकडं राहतो. माझ्याबरोबर रोज सकाळी दोन जनावरं निघतात. एक रामा, कारवान जातीचा, लांब पायांचा आणि बारीक कमरेचा. दुसरी चंद्री, उस्मानाबादी शेळी, पूर्ण काळी, कानांवर तेवढे पांढरे ठिपके. चंद्रीला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलंय, त्यामुळं ती कळपात रमत नाही, माणसामागंच चालते. आणि खिशात कॅमेरा, तुमच्यासारखाच. काळ्या जनावराचा फोटो काढायचा म्हणजे काय असतं हे मला चंद्रीनंच शिकवलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. फिरणं कारळीचं आहे. दिवसाचे तेवीस तास ती आपल्या वेळेनं जगते, आपण देऊ तेव्हा जेवते, आपण दार उघडू तेव्हा बाहेर पडते. हा एक तास तिचा. ती खांबाशी थांबून वास घेते तेव्हा "चल, चल" म्हणून ओढू नका. रात्रीतून तिथून कोण गेलं, ओळखीचं की परकं, हे ती वाचत असते. माणसाला जसा सकाळी पेपर लागतो तसा तिला तो खांब लागतो. तिचं वाचून होईपर्यंत थांबा आणि त्या वेळेत कॅमेरा काढा. तेव्हा ती स्थिर असते, मन लावून उभी असते, कान पुढं असतात, तुमच्याकडं लक्षही नसतं. फोटो त्या क्षणी काढायचा. बोलावून, चुटक्या वाजवून, बिस्कीट दाखवून काढलेल्या फोटोत कुत्रं बिस्किटाकडं बघत असतं.

तुमच्या बाबांना कुठवर गेलात ते सांगायचं आहे ना? मग ती जिथं जिथं थांबली तिथं तिथं एक फोटो घ्या, आणि त्याच क्रमानं त्यांना दाखवा. पहिला कोपऱ्यावरचा खांब, मग बंद टपरीचं फळकूट, मग पाण्याच्या टाकीखालचा ओला भाग, मग तलावाची पायरी. वर्षानुवर्षं तिच्याबरोबर चाललेला माणूस आहे. नुसता खांब बघून ओळखेल की आज तिनं नेहमीची वाट सोडून डावीकडचं वळण का घेतलं. "आज कुठवर गेलात" याचं उत्तर कारळीच देईल, तुम्हाला बोलावं लागणार नाही.

आता तोंड फिरवायचं. कॅमेरा चालू झाला की टूँ असा आवाज होतो, नेम धरला की बीप वाजते, आणि उजेड कमी असेल तर पुढून एक नारंगी दिवा थेट तिच्या डोळ्यात पडतो. अंतर मोजायला असतो तो. आपल्याला जाणवत नाही, तिला जाणवतो. मेन्यूत जाऊन आवाज बंद करा, तो दिवा बंद करा आणि फ्लॅश कायमचा बंद करा. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा पडदा असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश पडला की त्यामुळं डोळे हिरवे पेटलेले दिसतात, आणि तिला त्रास होतो तो वेगळाच. मग चार दिवस कॅमेरा घरात तिच्यासमोर नुसता ठेवा. जेवणाच्या वेळी हातात धरा, पण फोटो काढू नका. कॅमेरा म्हणजे काही विशेष नाही हे तिला कळलं की ती तोंड फिरवायचं सोडते.

हललेले फोटो. या दिवसांत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला निघालात तर पहिला अर्धा तास कॅमेरा खिशातच राहू द्या. त्या उजेडात छोट्या कॅमेऱ्याला झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते आणि कुत्रं तोवर हलतं. सव्वासातनंतर ऊन तिरपं आणि पिवळं येतं, तेव्हा काढा. झूम करू नका. झूम पूर्ण बाहेर काढला की अशा कॅमेऱ्यात उजेड जवळजवळ पाव होतो आणि हललेला फोटो हमखास येतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढं जा. तुमच्या कॅमेऱ्यात खेळाचं किंवा लहान मुलं-पाळीव प्राण्यांचं चिन्ह असलेला मोड असेल तर तो लावा, त्यात झडप जलद पडते. बटण अर्धं दाबून धरायची सवय करा. अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर पकडून ठेवतो, मग पूर्ण दाबायला क्षणाचाही वेळ लागत नाही. मागावर धागा तुटायच्या आधी खटखटीचा सूर बदलतो, तो सूर ऐकून जॉबरचा हात आधीच जातो. कुत्रंही मान वळवायच्या आधी कान हलवतं. कान हलला की बटण दाबा.

काळा डाग. हे नीट समजून घ्या, कारण एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही, समोरचं सगळं मिळून मध्यम करडं व्हावं एवढंच तो बघतो. कारळी आभाळासमोर उभी असेल तर आभाळाचा उजेड बघून तो सगळंच गडद करतो आणि ती कोळसा होते. अशा वेळी प्लस-मायनस लिहिलेलं बटण असतं, ते प्लसकडं एक घर न्या. उलट तुम्ही अगदी जवळ गेलात आणि चौकटभर कारळीच असली, तर त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि तिचं काळं अंग राखाडी, मळकट दिसतं. तेव्हा मायनस करा. काळं काळंच दिसलं पाहिजे, पण त्यात केस मोजता आले पाहिजेत.

ते केस दिसतात तिरप्या उन्हानं. ऊन तुमच्या पाठीमागून नको, तिच्या एका बाजूनं येऊ द्या. परवा चंद्री बांधावर उभी होती आणि ऊन तिच्या पलीकडून येत होतं. तिचा लांब कान खाली लोंबलेला. त्या कानातून ऊन आरपार आलं आणि आतली एकेक शीर दिसली, कडेला बारीक लव सोनेरी झालेली. बाकी अंग काळंच, पण त्या एका कानामुळं सगळा चेहरा जिवंत झाला. तो फोटो मी बायकोला दाखवला तर ती म्हणाली, चंद्रीला आत्ता हाक मारली तर वळेल असं वाटतं. एवढंच पाहिजे असतं. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका आला की झालं. त्यासाठी तिचं तोंड मोकळ्या आभाळाकडं असू द्या, झाडाखाली नको.

आणखी एक. कॅमेऱ्याला अंतर पकडायला रंगाची नाहीतर उजेडाची कड लागते. नुसत्या काळ्या अंगावर त्याची नजर ठरत नाही, पुढं-मागं करत राहतो. चंद्रीच्या गळ्यात मी लाल गोंडा बांधलाय, त्यावर अर्धं बटण दाबतो आणि मग चौकट सरकवून तोंड घेतो. कारळीच्या छातीवर पांढरा पट्टा आहे म्हणालात, त्याच्या कडेवर दाबा. गोंडा आणि डोळे साधारण एका अंतरावर असले म्हणजे झालं.

एका हाताचा प्रश्न. दोरी डाव्या मनगटात, कॅमेऱ्याची वादी उजव्या मनगटात. दोन्ही एका हातात कधीच नको, मांजर दिसलं की कारळी झेप घेईल आणि कॅमेरा डांबरावर जाईल. आणि तिच्या उंचीवर यायला गुडघे टेकायची गरज नाही. कॅमेरा उलटा धरा, भिंग खाली येईल असा, हात खाली सोडा, म्हणजे भिंग तिच्या छातीएवढ्या उंचीवर येतं. बटण अंगठ्यानं दाबायचं. घरी आल्यावर फोटो फिरवून सरळ करायचा. मोठ्या कॅमेऱ्यानं हे एका हातानं होत नाही, हे खिशातल्या कॅमेऱ्याचंच काम. आणि आपल्या मोकळ्या रानात या दिवसांत सराटे एवढे असतात की गुडघा टेकवणाऱ्यानं विचार करूनच टेकवावा.

मागचं दृश्य बघत जा. भुईकोटाच्या तटासमोर काळ्या कुत्र्याचा फोटो काढू नका, काळ्या दगडात काळी कुत्री हरवते. वाळलेलं पिवळं गवत, चुन्याची भिंत, शाळूचं उभं रान, यांच्यापुढं ती उठून दिसेल.

कुठं जावं. जुळे सोलापूरच्या कडेला अजून मोकळे प्लॉट आणि रानाच्या वाटा आहेत. मोठा रस्ता ओलांडायचा नाही अशी वाट निवडा, मग ती लांब असो की आखूड. संभाजी तलावावर गर्दी व्हायच्या आधी जा, दोरी आखूड धरा आणि काठावर पक्षी असतील तर पायरीवरूनच वळा. माळरान यांनी हिप्परग्याबद्दल लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रामाला मी तिकडं नेतच नाही. कारवान हा पाठलागासाठी घडवलेला कुत्रा, त्याला दिसलं की तो सुटणारच, दोष त्याचा नाही, नेणाऱ्याचा.

रानातून जाताना दोन गोष्टी सांभाळा. तूर कापलेल्या रानात शिरू नका, धसकटं सुऱ्यासारखी उभी असतात, पंजा फाटतो. आणि रानडुकरांसाठी काही ठिकाणी कडेच्या तारेत करंट सोडतात. बेकायदेशीर आहे, तरी सोडतात. तार दिसली की कुत्रं दोरीवरच पाहिजे. मोकाट कुत्र्यांची टोळी आली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, कारळीला आपल्या एका बाजूला घेऊन तिरप्या चालीनं निघून जायचं.

कॅमेऱ्याला पिशवी शिवा, साध्या मलमलीची. आपल्याकडं घरोघरी टॉवेलचे तुकडे असतात, पण ते वापरू नका. त्याचे तंतू सुटतात आणि आतबाहेर होणाऱ्या भिंगाच्या खाचेत जाऊन बसतात. खिशातली धूळही तिथंच जाते. आयुष्यभर तंतू झटकण्यात गेलं म्हणून सांगतो.

कारळीची_ताई

अण्णा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. खांबांचं ऐकून ते उठून बसले आणि म्हणाले, टाकीखालच्या ओल्या जागी ती रोज थांबते, तिथं एक लंगडा तांबडा कुत्रा राहतो, तो दिसला का विचार. उद्या बघते. आवाज, दिवा आणि फ्लॅश बंद केलंय. प्लसचं बटण सापडलं. आज आभाळासमोर काढलेल्या फोटोत पहिल्यांदा तिचे डोळे दिसले, तपकिरी आहेत!

माळरान, हिप्परग्याला नेणार नाही. भोरड्यांसाठी शनिवारी संध्याकाळी जाऊ.

आता नवी काळजी. कालपासून ती पुढचा उजवा पंजा सारखा चाटतेय. दोन बोटांच्या मध्ये लाल दिसतंय, काटा वगैरे काही दिसत नाही. आणि सकाळी एवढी थंडी असते, तिला स्वेटर घालू का?

गुरांचा_डॉक्टर

पंजा आजच उजेडात नीट बघा. या दिवसांत वाळलेल्या गवतातून फिरणाऱ्या कुत्र्यांना हमखास होणारी गोष्ट म्हणजे कुसळ. कुसळाच्या टोकाला मागं वळलेले बारीक केस असतात, त्यामुळं ते एकदा टोचलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या मधून शिरून ते पंजात वर चढतं, वर फोड येते, आणि तोवर मूळ छिद्र बुजून गेलेलं असतं. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं धरून, ज्या रेषेत शिरलंय त्याच रेषेत सरळ बाहेर ओढा. दिसत नसेल आणि सूज असेल तर कोरू नका, दवाखान्यात आणा. तोवर कोमट मिठाच्या पाण्यात पंजा पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि चाटू देऊ नका. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, माणसाची आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याला घातक आहेत.

कानात कुसळ गेलं तर कुत्रं एकदम डोकं झटकायला लागतं, मान एका बाजूला धरतं. कानात तेल ओतू नका, कापसाची काडी घालू नका. ते आत ढकललं जातं आणि पडद्यापर्यंत पोचतं.

फिरून आल्यावर रोज बोटांच्या मध्ये, काखेत, कानांच्या आत आणि शेपटीखाली हात फिरवा. कुसळ, सराटे आणि गोचीड एकाच तपासणीत सापडतात. गोचिडांनी येणारा ताप हिवाळ्यातही दिसतो. जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर थांबू नका. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर असू द्या.

स्वेटरची गरज नाही. बारा-पंधरा अंश म्हणजे निरोगी, वाढ झालेल्या गावठी कुत्र्याला मजेची हवा. पिल्लू, म्हातारं किंवा आजारी कुत्रं असेल तर गोष्ट वेगळी. रात्री झोपायला फरशीवर जाड पोतं टाका, तेवढं पुरे. आणि दहाच्या आत घरी या. पहाटे कुडकुडायला लावणारी आपली हवा दुपारी तिशीच्या घरात जाते.

सात_रस्ता

माळरान, पक्ष्यांचं रात्री चरण्याचं माहीत नव्हतं. भोरड्यांना शनिवारी मी पण येतो.

अण्णा, एक विचारायचं होतं. आमच्या घरी पण शेळी आहे, हुरड्याच्या दिवसांत तिला रानात सोबत नेऊ का? फोटो चांगले येतील.

जॉबर_अण्णा

न्या, पण तोंडावर लक्ष ठेवा. हुरड्याची कणसं शेळीला मिळाली की ती थांबत नाही आणि दाणा जास्त झाला की पोट फुगतं. त्याहून वाईट म्हणजे ज्वारी कापल्यावर बुडख्यातून फुटणारे कोवळे कोंब. त्यात विष असतं, किराळ लागते आणि जनावर काही वेळात आडवं होतं. आधी घरी पोटभर कडबा खाऊ घाला, मग न्या. हुरडा भाजताना धुरापासून लांब, दावं हातात. आगटीच्या उजेडात फोटो काढू नका, फार हलतो. सकाळीच काढा, शाळूची पानं दवानं ओली असताना.

ताई, पंजाचं काय झालं ते कळवा.

कारळीची_ताई

दवाखान्यात नेऊन आणलं. कुसळच निघालं, नखाएवढं लांब. आता लंगडत नाही. दोन दिवस गवतात जायचं नाही, म्हणून आज डांबरी गल्लीतूनच फिरलो. टाकीखाली लंगडा तांबडा भेटला. त्याचा आणि कारळीचा नाकाला नाक लावलेला फोटो आलाय, खालून, कॅमेरा उलटा धरून. थोडा तिरका आहे, पण स्पष्ट आहे. बाबांनी तो आधी काकांना पाठवायला लावला, मग आत्याला.

एक शेवटचं विचारते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली. होम मैदानावरचं दारूकाम इथवर ऐकू येतं आणि दिवाळीत ती पलंगाखालून दोन दिवस बाहेर आली नव्हती. त्या संध्याकाळी काय करावं?

जॉबर_अण्णा

नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आणि दारूकामाला तिला नेऊ नका, कडेला उभं राहूनसुद्धा नको. त्या दिवशी तिची फेरी दिवसाउजेडीच उरका आणि नेहमीपेक्षा लांब न्या, म्हणजे ती दमून झोपेल. अंधार पडायच्या आत जेवण आणि शू-शी सगळं आटोपून घ्या. मधली खोली निवडा, रस्त्याकडची नको. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्या, ओढून बाहेर काढू नका. उलट तिथं आधीच तिचं पोतं आणि पाण्याचं भांडं ठेवा. बाबा घरीच आहेत, त्यांनी त्याच खोलीत बसावं आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहावं. रामा असाच माझ्या पायाशी बसतो. त्या वेळी तिचे फोटो काढू नका.

दार उघडताना आधी तिला आत बांधा. घाबरलेलं कुत्रं फटीतून सुटतं आणि वाट फुटेल तिकडं पळतं, अशी किती तरी कुत्री त्या दोन-तीन रात्रींत चुकतात. गळपट्टा घट्ट आहे का बघा, आत दोन बोटं जातील एवढाच सैल हवा. त्यावर फोन नंबर पक्क्या शाईनं लिहा किंवा पत्र्याचा बिल्ला करून घ्या. आणि एक फोटो असा काढून ठेवा ज्यात छातीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो, समोरून, सकाळच्या उन्हात. यात्रेच्या आधी तो छापून घरात ठेवा. काळी कुत्री गावात पुष्कळ आहेत, पट्ट्यावरून ती ओळखता येईल.